दोन प्रोसेसरांची तुलना करताना: बेंचमार्क चालवण्याआधीची तयारी, टप्पे आणि नेहमीच्या चुका

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, कुठेही जा. नवा पीसी घ्यायचा म्हटलं की स्टुडिओवाले, प्रिंटिंगवाले, आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करणारी मुलं एकच प्रश्न विचारतात: ‘या दोघांत फास्ट कुठला?’ हातातल्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला स्कोअरचा स्क्रीनशॉट असतो. त्या मशीनमध्ये रॅम किती होती, ती कुठल्या स्पीडला चालत होती, कूलर कुठला होता, खोलीत एसी होता का, यातलं त्या स्क्रीनशॉटवर काहीच नसतं. तरी त्याच्या भरवशावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर कोल्हापूरहून माल मागवला जातो, घाट उतरून येतो, मशीनमध्ये बसतो, आणि मग कळतं की आपलं काम पहिल्यापेक्षा फारसं लवकर उरकत नाही. परत पाठवायचं तर पुन्हा पार्सल, पुन्हा फोन, आणि तोवर लग्नसराई निघून जाते.

बेंचमार्कचा (मशीनला ठरावीक काम देऊन वेग मोजणाऱ्या टेस्टचा) आकडा अख्ख्या मशीनचा असतो: बोर्ड, रॅम, कूलर, विंडोज, त्या वेळची हवा, सगळ्यांचा मिळून. त्यातून प्रोसेसरचा वाटा वेगळा काढायचा तर बाकी सगळं दोन्हीकडे सारखं करावं लागतं. खरी मेहनत तिथेच आहे. टेस्ट चालवणं हे त्या मानाने बटण दाबण्याचं काम.

उदाहरणासाठी दोन प्रोसेसर घेऊ: एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा कोअर आय५-१२४००. दोन्ही २०२२ साली बाजारात आले. दोघांचेही कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) ६, थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) १२. दोघांचाही कमाल बूस्ट, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ४.४ गिगाहर्ट्झ. खोक्यावर दोघांचेही ६५ वॉट. म्हणजे खोकं वाचून काही ठरवता येत नाही. फरक आत आहे. एएमडीच्या या प्रोसेसरात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, इंटेलच्यात १८ एमबी. इंटेलच्यात ग्राफिक्स आतच आहे, ५६०० मध्ये नाही. आणि दोन्ही डीडीआर४ रॅम चालवू शकतात, त्यामुळे तीच रॅम काढून दोन्हीकडे लावता येते. तुलनेसाठी ही सोयीची जोडी आहे. तुमची जोडी वेगळी असली तरी टप्पे हेच.

## टप्पा १: आधी काम लिहून काढा, मग टेस्ट निवडा

बहुतेक जण उलट करतात. आधी सिनेबेंच (रेंडर करून प्रोसेसर मोजणारी टेस्ट) चालवतात आणि मग त्या आकड्याला काम जोडतात. एका कागदावर लिहा: दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मशीन तुम्हाला कुठे थांबवून ठेवतं?

लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग आणि एक्स्पोर्ट असेल, तर सगळे कोअर एकदम लागणारी टेस्ट हवी आणि शिवाय तुमच्याच कॅमेऱ्याच्या फायली हव्यात. लग्नपत्रिका, बॅनर, गणपतीच्या दिवसांतली आरतीची पुस्तकं करणाऱ्या कोरलड्रॉ-फोटोशॉपवाल्यांना बहुतेक वेळ एका कोअरचा वेग लागतो, कारण पान हलवलं, फॉन्ट बदलला, फिल्टर मारला, यातली बरीच कामं सगळ्या कोअरांत वाटली जात नाहीत. ऑटोकॅडमध्ये द्विमितीय ड्रॉइंगचं तसंच. त्रिमितीय रेंडर मात्र सगळे कोअर खातं. आंब्याच्या बागायतदाराचं टॅली आणि एक्सेल असेल, तर हे दोन्ही प्रोसेसर पुरून उरतील. तिथे पैसे एसएसडीवर आणि यूपीएसवर घाला आणि बाकीचा लेख सोडून दिलात तरी चालेल.

मग टेस्ट निवडा. माझ्या मते एवढ्या पुरतात:

सिनेबेंच आर२३ किंवा सिनेबेंच २०२४, एका कोअरसाठी आणि सर्व कोअरांसाठी. दोन्हींतली एकच आवृत्ती धरा, कारण त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मोजण्याचं मापच वेगळं आहे. २०२४ ला १६ जीबी रॅम लागते.

सेव्हन-झिपमधलं (फायली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) आतलं बेंचमार्क, टूल्स मेनूत मिळतं. कॅश आणि रॅम यांचा परिणाम इथे चांगला दिसतो.

हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारं सॉफ्टवेअर) तुमची स्वतःची एक क्लिप. ही सगळ्यात महत्त्वाची.

त्रिमितीय रेंडरवाल्यांसाठी ब्लेंडरचं बेंचमार्क.

गीकबेंच ६ हवं तर चालवा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याच्या टेस्ट छोट्या असतात आणि मध्ये थोडी उसंत असते, त्यामुळे लहान कूलर अर्ध्या तासाने दमतो की नाही हे त्यातून कळत नाही. शिवाय फुकट आवृत्तीला इंटरनेट लागतं. पावसात नेट गेलं की बसून राहावं लागेल.

तपासा: निवडलेली प्रत्येक टेस्ट तुमच्या कागदावरच्या एखाद्या कामाशी जोडता येते का? जोडता येत नसेल ती खोडा.

## टप्पा २: सामान एकसारखं करा

दोघांचे सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) वेगळे, म्हणून बोर्ड वेगळे असणारच. बाकी मात्र तेच ठेवा: तीच रॅम, तेच ग्राफिक्स कार्ड, तोच एसएमपीएस (पॉवर सप्लाय), त्याच मॉडेलचा एसएसडी. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसल्याने त्याला कार्ड लागतंच. मग इंटेललाही तेच कार्ड लावूनच प्रोसेसरच्या टेस्ट घ्या.

रॅम. सर्वांत जास्त फसगत इथे होते. १६ जीबीची एक पट्टी आणि ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या यांत बेरीज सारखी, पण एक पट्टी लावली की रॅमचा रस्ता निम्माच उघडा राहतो. सेव्हन-झिप लगेच घसरतं, आतल्या ग्राफिक्सवर चाललेलं काम तर अधिकच. गंमत अशी की सिनेबेंच आर२३ ला रॅमचं फारसं काही पडलेलं नसतं. त्यामुळे ‘सिनेबेंच बरोबर आला, म्हणजे रॅम बरोबर’ हा निष्कर्ष चुकीचा. दोन पट्ट्या, आणि चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

किनाऱ्यावरच्या दुकानांत आणखी एक गोष्ट दिसते. रॅमची पट्टी काढून उजेडात तिरपी धरा. सोनेरी पट्ट्यांवर कुठे काळपट, हिरवट डाग असतात. खाऱ्या हवेची करामत. अशी पट्टी कधी लागते, कधी लागत नाही, आणि न लागल्यास मशीन एका पट्टीवरच मुकाट्याने चालू राहतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने एकाच दिशेने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग बसवा. स्लॉटमध्येही ब्रश फिरवा. फुंकर मारू नका, तोंडातली ओल आत जाते.

कूलर. दोन रस्ते आहेत. दोन्हींना खोक्यातले कूलर लावून तुलना करा, म्हणजे विकत घेणाऱ्याला जे मिळतं त्याची तुलना होते. किंवा दोन्ही सॉकेटना बसेल असा एकच मोठा कूलर दोन्हीकडे वापरा, म्हणजे प्रोसेसरांची तुलना होते. आपल्याकडे बहुतेक लोक खोक्यातलाच कूलर ठेवतात, म्हणून मी पहिला रस्ता सुचवेन. कुठलाही घ्या, पण एका मशीनला एक रस्ता आणि दुसऱ्याला दुसरा असं करू नका. थर्मल पेस्ट दोन्हीकडे ताजी हवी. जुनी पेस्ट पुसून काढल्याशिवाय त्यावर नवी लावू नये.

सावध: एएम४ सॉकेटच्या एएमडी प्रोसेसरवरचा कूलर थंड मशीनवर सरळ वर ओढू नका. पेस्ट घट्ट धरते, कूलरबरोबर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीनवर लोड टाका, बंद करा, प्लग काढा, स्क्रू सोडवा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करा. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये पिना बोर्डावर असतात. तिथे प्रोसेसर काढला की सॉकेटवर लगेच झाकण लावा, उघडं ठेवून चहाला जाऊ नका.

## टप्पा ३: खोली, लाइट आणि हवा

पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत घेतलेला आकडा आणि मे महिन्यात कौलारू घरातल्या माळ्याखाली घेतलेला आकडा एका ओळीत मांडता येत नाही. खोली सात अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तितकाच वर जातो. लहान कूलरवर तेवढ्यानेच प्रोसेसर आपला वेग खाली आणायला लागू शकतो.

म्हणून दोन्ही मशीनच्या टेस्ट एकाच खोलीत, दिवसाच्या एकाच वेळी घ्या. सकाळी एक आणि भर दुपारी दुसरी, असं नको. छताचा पंखा चालू असेल तर दोन्ही वेळा त्याच स्पीडला. खिडक्या उघड्या तर दोन्ही वेळा उघड्या; समुद्रावरचा वारा सुटला की खोलीचं तापमान तासाभरात बदलतं. कॅबिनेटचं दार उघडून टेबलफॅनचा झोत सोडून घेतलेला आकडा बाजूला ठेवा, कारण रोजचं काम तुम्ही तसं करणार नाही. साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला ठेवून प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला तापमान लिहा.

दमट हवेने स्कोअर पडतो असं बरेच जण मानतात. नुसत्या दमटपणाने कूलरच्या कामात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. पण ओल आणि धूळ मिळून कूलरच्या पात्यांमध्ये जो लगदा बसतो, त्याने हवा अडते, आणि तो ब्लोअरनेही सहज निघत नाही. तुलनेआधी दोन्ही कूलर साफ हवेत.

एसीच्या खोलीतून किंवा एसी गाडीतून आणलेला पार्ट लगेच जोडून चालू करू नका. थंड धातूवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. खोक्यातच तासभर राहू द्या, मग उघडा.

आता लाइट. पूर्ण लोडवर मशीन अचानक रीस्टार्ट झालं की लोक प्रोसेसरला दोष देतात. आधी व्होल्टेज पाहा. संध्याकाळी सगळीकडचे पंप आणि फ्रिज चालू झाले की गावाकडच्या लाइनवर व्होल्टेज खाली येतं, आणि स्वस्तातला एसएमपीएस तिथे मान टाकतो. यूपीएसही तपासा: ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच ओढतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून त्याच्या वर गेले तर लाइट जाण्याच्या क्षणी तो तुम्हाला सोडून देईल.

सावध: ढग गडगडत असताना किंवा लाइट ये-जा करत असताना बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करू नका, टेस्टही चालवू नका. बायोस अर्ध्यात थांबला तर बोर्डच मरू शकतो.

## टप्पा ४: बायोस

दोन्ही बोर्डांचा बायोस उत्पादकाच्या साइटवरच्या ताज्या स्थिर आवृत्तीवर आणा. जुन्या बी४५० बोर्डावर ५६०० लावत असाल तर हे आधी करावंच लागतं, नाहीतर स्क्रीनच येत नाही. मग ‘डिफॉल्ट लोड करा’ हा पर्याय निवडा, म्हणजे आधी कुणी काय फिरवलंय ते सगळं पुसलं जाईल. त्यानंतर फक्त दोनच गोष्टींना हात लावायचा.

पहिली, एक्सएमपी (रॅमला छापलेल्या वेगावर आणणारी सेटिंग). रॅमवर ३२०० छापलंय म्हणून ती ३२०० ला चालते असं नाही. बऱ्याच पट्ट्या बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय २४०० किंवा २६६६ लाच राहतात. काही एएमडी बोर्डांवर हेच ‘डीओसीपी’ नावाने दिसतं. दोन्हीकडे चालू करा.

दुसरी, पॉवर लिमिट (प्रोसेसरने किती वॉट ओढायचे याची मर्यादा). इंटेलच्या कागदावर १२४०० साठी सततचे ६५ वॉट आणि थोड्या वेळापुरते ११७ वॉट असे दोन आकडे आहेत. थोडा वेळ म्हणजे साधारण २८ सेकंद. पण पुष्कळ बोर्ड ही मर्यादा स्वतःच काढून टाकतात, तर काही स्वस्त बोर्ड ती काटेकोर पाळतात. त्यामुळे तोच प्रोसेसर दोन बोर्डांवर वेगळा आकडा देतो. १२४०० मध्ये हा फरक बेताचा असतो. जास्त कोअरवाल्या प्रोसेसरांत तो इतका मोठा होतो की सगळी तुलना फिरते. ५६०० ची मर्यादा मूळ सेटिंगला ७६ वॉट असते, आणि ‘पीबीओ’ (एएमडीची जादा वेगाची सेटिंग) चालू केलं की ती वर जाते. माझा आग्रह असा: दोन्हीकडे उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ठेवा, आकडे हाताने भरा, पीबीओ बंद ठेवा. ओव्हरक्लॉक करून (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त चालवून) पाहायचं असेल तर ती वेगळी टेस्ट, वेगळ्या कागदावर.

तपासा: विंडोजमध्ये येऊन सीपीयू-झेड (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मधला मेमरी विभाग उघडा. तिथे १६०० मेगाहर्ट्झ दिसलं की घाबरून बायोसमध्ये परत जाणारे खूप आहेत. ते बरोबर आहे: डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माल पोचवते, म्हणून १६०० चे ३२०० होतात. टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसेल. १२०० किंवा १३३३ दिसलं तर मात्र एक्सएमपी लागलेलं नाही. मेमरी कंट्रोलरचा आकडाही १६०० च हवा. तो ८०० असेल तर इंटेलचा बोर्ड ‘गिअर २’ मध्ये (कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगाने) आहे, त्याला ‘गिअर १’ वर आणा.

## टप्पा ५: विंडोज

एका मशीनचा एसएसडी काढून दुसऱ्याला लावला की विंडोज बहुतेक वेळा चालू होतं, पण जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर तसेच राहतात. तुलनेसाठी दोन्हीकडे कोरं विंडोज टाका, एकाच बिल्डचं. स्टार्ट मेनूत विनव्हर (winver) टाइप केलं की बिल्ड नंबर दिसतो. हा नंबर लिहिणं बारीकसं वाटेल, पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ११ ला असं अपडेट आलं ज्याने रायझन प्रोसेसरांचा वेग काही कामांत वाढला. त्याआधीचे आणि नंतरचे रायझनचे आकडे एकत्र मांडणं म्हणूनच योग्य नाही.

चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाका. विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, मग आठवड्यासाठी थांबवून ठेवा. पॉवर प्लॅन दोन्हीकडे एकच. सेटिंगमधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर काही टक्क्यांचा फरक तिथूनच येतो; मी ते दोन्हीकडे चालू ठेवतो, कारण रोजच्या वापरात ते चालूच असायला हवं.

मशीन चालू केल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. विंडोज मागच्या मागे फायलींची यादी करतं, अँटीव्हायरस स्वतःला अपडेट करतो, वनड्राइव्ह फोटो चढवत बसतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर दोन-तीन टक्क्यांखाली स्थिरावला की पुढे जा.

## टप्पा ६: टेस्ट चालवणं

एचडब्ल्यूइन्फो (मशीनच्या आतले आकडे चालू असताना दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ठेवा. तापमान, पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ते वॉट) आणि कोअरचा ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्ष मिळणारा वेग) एवढ्या तीन ओळींवर लक्ष हवं. प्रत्येक टेस्टआधी त्याची आकडेवारी शून्यावर आणा.

क्रम दोन्ही मशीनवर एकच ठेवा: आधी एका कोअरची टेस्ट, मग सेव्हन-झिप, मग सर्व कोअरांचं सिनेबेंच, शेवटी हँडब्रेक. हलक्यापासून जडाकडे गेल्याने आधीच्या टेस्टची गरमी पुढच्या टेस्टमध्ये कमीत कमी उतरते. दोन टेस्टमध्ये पाच मिनिटांची विश्रांती.

सर्व कोअरांचं सिनेबेंच दहा मिनिटांच्या सेटिंगवरच चालवा. एकच फेरी मारून मिळालेला आकडा थंड मशीनचा असतो. तुमचं एक्स्पोर्ट पाऊण तास चालतं, तेव्हा तुम्हाला तापलेल्या मशीनचा आकडा हवा. दहा मिनिटांच्या शेवटी इफेक्टिव्ह क्लॉक सुरुवातीपेक्षा बराच खाली आला असेल, तर कारण शोधा: तापमान मर्यादेला टेकलंय, की पॉवर लिमिट लागलीये? इंटेलमध्ये एचडब्ल्यूइन्फो थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे वेग कमी होण्याची) ओळ वेगळी दाखवतं. कूलर नीट न बसल्याने असं होत असेल तर तो आकडा टाकून द्या, कूलर बसवा, पुन्हा घ्या.

हँडब्रेकसाठी तुमच्या कॅमेऱ्याची पाच-सहा मिनिटांची क्लिप निवडा. मिरवणूक, ढोल-ताशा, गुलाल, असं काहीतरी भरपूर हालचाल असलेलं चित्रण घ्या. स्टेजवर स्थिर उभ्या नवरा-नवरीच्या चित्रणाने प्रोसेसरचा कस लागत नाही. फाइल एसएसडीवर कॉपी करा. पेनड्राइव्हवरून चालवली तर तुम्ही पेनड्राइव्ह मोजाल. एन्कोडर एक्स२६५ (हा प्रोसेसरवरच चालतो), तोच प्रीसेट, तीच क्वालिटी. लॉगमध्ये शेवटी सरासरी फ्रेम प्रति सेकंद मिळतात, त्या लिहा.

सावध: एन्कोडरच्या यादीत एनव्हेंक, क्विक सिंक किंवा व्हीसीई निवडलं गेलं तर काम ग्राफिक्सचा भाग करतो आणि प्रोसेसर आराम करतो. दोन्ही मशीनवर आकडे जवळजवळ सारखे आले, वेळ फारच कमी लागला, की आधी हे बघा.

आता स्टुडिओवाल्यांसाठी थोडं थांबतो, कारण त्यांचा निर्णय बहुतेकदा इथेच लागतो. वरची टेस्ट सॉफ्टवेअर एन्कोडिंगची झाली. तुम्ही प्रत्यक्षात प्रीमियरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग चालू ठेवून काम करता. म्हणून तीच क्लिप तुमच्या नेहमीच्या सेटिंगने, तुमच्या नेहमीच्या प्रोजेक्टमध्येही चालवा. १२४०० च्या आतल्या ग्राफिक्समध्ये असलेलं क्विक सिंक १०-बिट ४:२:२ एचइव्हीसी (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या) फायली उलगडू शकतं. अलीकडचे बरेच मिररलेस कॅमेरे अशाच फायली देतात, आणि बाजारातली बरीच ग्राफिक्स कार्डं त्या उलगडत नाहीत, मग टाइमलाइन अडखळते. सिनेबेंचच्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही. फक्त एक काळजी घ्या: ग्राफिक्स कार्ड लावल्यावर काही बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करतात; बायोसमध्ये ते चालू ठेवावं लागतं. आणि १२४००एफ घेतलात तर त्यात आतलं ग्राफिक्स नाहीच. नावातल्या त्या एका अक्षरावर थोडे पैसे वाचतात आणि स्टुडिओचं मोठं नुकसान होतं.

गेमवाल्यांसाठी एवढंच: ग्राफिक्स कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर तुम्ही प्रोसेसर मोजत नाही आहात. रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स सेटिंग खाली आणा, तोच सीन पुन्हा खेळा.

प्रत्येक टेस्ट किमान तीनदा. तीन आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. समजा ११,८५०, ११,८८० आणि ११,९२० आले, तर ११,८८० लिहा. सगळ्यात मोठा आकडा निवडायचा मोह होतो, आणि आपल्याला आवडणाऱ्या ब्रँडच्या बाबतीत तो जास्त होतो.

तपासा: तिन्हींतला सर्वांत मोठा आणि लहान यांत दोन टक्क्यांहून जास्त अंतर आहे का? असेल तर मागे काहीतरी चालू आहे किंवा खोली तापतेय. पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: हिशेब

इथे शिकलेली माणसंही घसरतात.

स्कोअरमध्ये मोठा आकडा चांगला, वेळेत लहान आकडा चांगला. दोन्ही एकाच रकान्यात टाकू नका. पहिल्या प्रोसेसरला अ म्हणू, दुसऱ्याला ब. स्कोअरसाठी अ भागिले ब, वेळेसाठी ब भागिले अ. मग सगळीकडे एकाच्या वरचा आकडा म्हणजे अ पुढे.

‘२० टक्के कमी वेळ’ आणि ‘२० टक्के जास्त वेग’ एक नाही. १०० सेकंदांचं काम ८० सेकंदांत झालं, तर वेळ २० टक्के वाचला आणि वेग २५ टक्के वाढला. जाहिरातीत यातला जो मोठा दिसतो तो छापतात.

गुणोत्तरांची साधी सरासरी काढू नका. समजा एका टेस्टमध्ये अ दुप्पट वेगवान, दुसऱ्यात ब दुप्पट वेगवान. अ ची गुणोत्तरं २ आणि ०.५, सरासरी १.२५, म्हणजे अ पुढे. उलट बाजूने मांडलं तर ब ची सरासरीही १.२५, म्हणजे ब पुढे! दोघं एकमेकांच्या पुढे असू शकत नाहीत. भूमितीय मध्य (गुणोत्तरांचा गुणाकार करून, जितकी गुणोत्तरं तितकावं मूळ) घेतला की दोन्हीकडून १ येतो, आणि तेच बरोबर. एक्सेलमध्ये जिओमीन नावाचं फंक्शन हे काम करतं. समजा तीन टेस्टची गुणोत्तरं १.१०, ०.९५ आणि १.२० आली, तर भूमितीय मध्य सुमारे १.०८, म्हणजे अ साधारण आठ टक्के पुढे.

तरीही या एका आकड्यावर थांबू नका. टप्पा १ चा कागद काढा. दिवसातला बहुतेक थांबण्याचा वेळ एक्स्पोर्टमध्ये जात असेल, तर एक्स्पोर्टच्या आकड्याला बाकीच्यांपेक्षा जास्त वजन हवं. सोपी रीत अशी: प्रत्येक काम दिवसातून किती वेळा होतं ते लिहा, दोन्ही मशीनवर लागलेल्या वेळेने गुणा, बेरीज करा. दिवसाकाठी वाचणारी मिनिटं हा आकडा घरच्यांनाही समजतो.

तीन टक्क्यांच्या आतला फरक मी बरोबरीच धरतो. घरच्या परिस्थितीत त्याहून बारीक मोजमाप विश्वासाने सांगता येत नाही.

विजेचा हिशेब करायचा तर भिंतीच्या सॉकेटवर लावायचा वॉटमीटर घ्या, आणि वॉटला वेळेने गुणा. समजा एक मशीन १२० वॉट खाऊन ४० मिनिटांत काम करतं: ८० वॉट-तास. दुसरं १५० वॉट खाऊन ३५ मिनिटांत: ८७.५ वॉट-तास. जास्त वॉट म्हणजे दुप्पट बिल, असं नसतं. लवकर उरकलेलं काम वीज वाचवतंही. पूर्ण लोडचा वॉटचा आकडा मात्र यूपीएस निवडताना जपून ठेवा.

## टप्पा ८: एकच मशीन हाताशी असेल तर

बहुतेकांची हीच स्थिती. दुसऱ्या प्रोसेसरचे आकडे इंटरनेटवरून घ्यावेच लागतात. मग असं करा: तुमच्याकडे जो प्रोसेसर आहे, त्याचा आणि तुम्हाला हव्या असलेल्याचा, असे दोन्ही आकडे एकाच समीक्षकाच्या एकाच तक्त्यातून घ्या. त्या दोघांतलं गुणोत्तर काढा, आणि ते तुमच्या स्वतःच्या मोजलेल्या वेळेला लावा. एकाचा आकडा या साइटवरून, दुसऱ्याचा त्या साइटवरून, अशी सांगड घालू नका.

लोकांनी आपापल्या मशीनवरून चढवलेल्या आकड्यांची सरासरी दाखवणाऱ्या साइट ढोबळ अंदाजापुरत्या ठीक. त्यात ओव्हरक्लॉक केलेली मशीनं असतात आणि एका पट्टीवर रखडणारीही.

समीक्षकाने रॅमचा वेग, पॉवर लिमिट आणि विंडोजची बिल्ड दिली नसेल तर तो तक्ता सोडून द्या. आणि त्याची टेस्ट थंड खोलीतली आहे हे धरून तुमच्या मे महिन्यातल्या आकड्याकडून थोडी कमी अपेक्षा ठेवा.

## टप्पा ९: निर्णय आणि खरेदी

किंमत नुसत्या प्रोसेसरची लावू नका. बोर्ड, रॅम, लागलं तर कूलर आणि ग्राफिक्स कार्ड यांची बेरीज करा. ५६०० स्वस्त पडला आणि तुमच्याकडे कार्ड नसेल, तर कार्ड त्या बेरजेत येतं. आधीपासून एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम असेल तर उलट चित्र: तिथे १२४०० साठी नवा बोर्ड घ्यावा लागतो. नुसता हा एक मुद्दा पाच-सात टक्क्यांच्या फरकाला सहज मागे टाकतो.

बरोबरी असेल तेव्हा बोर्डाची वॉरंटी कुठे मिळते ते बघा. तुमच्या तालुक्यातला दुकानदार स्वतः बोर्ड घेऊन पाठवणार असेल तर तो पर्याय थोडा महाग असला तरी घ्या.

पार्सल आलं की उघडताना व्हिडिओ काढा, प्रोसेसरवरचा सिरियल नंबर आणि बोर्डाच्या सॉकेटच्या पिना जवळून दिसतील असा. परत करण्याची मुदत संपण्याआधी वरच्या टेस्ट पूर्ण करा, आणि त्यांच्याबरोबर एक रात्रभर रॅमची टेस्टही लावा. रॅम टेस्टमध्ये एक जरी चूक दिसली तरी आधी पट्ट्या काढून, पुसून, एकेक करून तपासा. चूक तीच राहिली तर माल त्याच आठवड्यात परत पाठवा.